अण्णांचा सीटखाली मावणारा बेस

सोलापूरच्या वाद्यांच्या दुकानात अण्णा खुर्चीवर बसले, बेसचा अँप्लिफायर मांडीवर घेतला आणि डोळे मिटून डावी-उजवीकडं हलायला लागले. मधेच गचका बसल्यासारखे वर उडाले.

"काय होतंय ह्यांना?" दुकानदारानं घाबरून मला विचारलं.

"काही नाही. एसटीत बसलेत," मी म्हणालो.

अण्णा म्हणजे आमच्या गाण्याच्या पार्टीतले बेस गिटारवाले. पंचायत समितीतून रिटायर झालेले. मी हार्मोनियमवर. धाराशिवच्या आसपास बारसं, वाढदिवस, निरोप समारंभ असली छोटी कामं आम्ही घेतो. मी जरा लय वाढवली की मागून अण्णांचा आवाज येतो, "हळू. गाणं कुठं पळून चाललंय?"

त्यांचा जुना अँप म्हणजे एक कपाटच होतं. आम्ही त्याला म्हैस म्हणायचो. म्हैस एसटीत सीटवर बसायची, तीही खिडकीशी. अण्णा तिचं पूर्ण तिकीट काढायचे. कंडक्टर म्हणाला, "हे मागं ठेवा," तर म्हणायचे, "मागं आदळतंय. आन् तिकीट हाय तिचं." भूमच्या गाडीत एकदा एका म्हातारीनं जागा मागितली. अण्णा लगेच उठून उभे राहिले. म्हैस बसूनच राहिली.

तेच अण्णा यंदा एकाएकी म्हणाले, "म्हैस काढायची. हलकं कायतरी बघू." पाठ दुखत असेल, असं मला वाटलं.

मांडीवरचा अँप हलका होता खरा. पण अण्णांनी सगळ्यात जाड तार छेडली आणि त्याचा स्पीकर फडफडला.

"ह्यो तर खोकतोय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्याचा आवाज असा, की काउंटरची काच थरथरली. मी म्हणालो, "अण्णा, हाच घ्या." त्यांनी खिशातून पायजम्याचा नाडा काढला. त्याला एक गाठ मारलेली होती. स्टँडवर जाऊन, एसटीच्या सीटखाली वाकून त्यांनी ते माप घेतलं होतं. खोका गाठीच्या वर गेला.

"जमत न्हाय."

"सीटवर ठेवा की. आजवर ठेवतच होता."

"आता सीटवर न्हाय ठेवायचं," अण्णा करड्या आवाजात म्हणाले.

शेवटी दुकानदारानं आतून दोन वस्तू आणल्या. पुस्तकाएवढा अँप, पिशवीत टाकून न्यावा असा, आणि वेगळा, हलका स्पीकरचा खोका. छोट्या हॉलला आवाज पुरेसा होता. खोका नाड्याच्या मापात बसला. अण्णा एवढे खूश झाले, की त्यांनी दुकानदारालाच चहा पाजला.

पुढच्या रविवारी तेरला एका बाईंचा निरोप समारंभ होता. मी स्टँडवर पोचलो तर अण्णांबरोबर त्यांची बायको, आमच्या काकू, उभ्या होत्या. नवं लुगडं, केसांत गजरा. मी चकित झालो. काकू आजवर एकाही कार्यक्रमाला आल्या नव्हत्या. एसटीच्या गर्दीत स्वतःची आणि म्हशीची अशा दोन जागा धरतानाच अण्णांची दमछाक व्हायची, तिसरी कुठून मिळणार? आणि काकूंच्या गुडघ्यांना उभं राहणं झेपायचं नाही.

स्पीकर सीटखाली गेला. काकू खिडकीशी बसल्या.

कार्यक्रम छान झाला. परतीच्या गाडीत मी विचारलं, "काय काकू, कसं वाटलं?"

"घरी ह्यांचं नुसतं धूम धूम चालायचं," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, ह्यात गाणं कुठंय? आज सगळ्यांसंगं ऐकलं. त्या दुसऱ्या गाण्यात हे मधीच थांबले, तर गाणं कसं पोकळ पोकळ झालं."

"तार उतरली होती. आवळत होतो," अण्णा पुटपुटले.

तेर मागं पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खरंच कळलं तुला, मी थांबल्याचं?"

"कळलं की," काकू म्हणाल्या. "दुसरं काय ऐकत होते मी?"