भुताची पत्रिका

वसमतमध्ये पत्रिका काढून देणारे बरेच आहेत. भुताची पत्रिका काढलेला माणूस मात्र एकच, आमचे दिगंबरगुरुजी. तीही त्यांनी एकदा काढून सोडली नाही, नऊ वेळा काढली. लाल फडक्यात बांधलेल्या त्या गठ्ठ्यातल्या बहुतेक पत्रिका मी माझ्या हातानं झेरॉक्स केल्या आहेत. वर नावाची ओळ कोरी. खाली नक्षत्र पुष्य, नाडी मध्य, गण देव. मी एकदा भीत भीत विचारलं, गुरुजी, भुताचा गण देव कसा?

"काहून?" ते म्हणाले. "जन्मली तेव्हा भूत होती का ती?"

गुरुजी आमच्या गल्लीतल्या महादेवाचे पुजारी. उंच, वाळके, धोतर गुडघ्यापासून जरा वर, खांद्याला पिशवी आणि पिशवीत पंचांग. गेली वीस वर्षं बसस्टँडजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं दुकान आहे. दर मंगळवारी दुपारी तीनला गुरुजी येऊन माझ्या लाकडी स्टुलावर बसतात आणि साडेचारला उठतात. मंगळवारचा राहुकाळ तीन ते साडेचार. त्या वेळात गुरुजी रस्त्यावर पाय टाकत नाहीत. अर्ध्या वाटेत सापडले, तर तिथंच कुणाच्या तरी ओट्यावर बसतील. पण मंगळवारी ते बेतानं माझ्याकडेच सापडतात. माझं पोरगं दुकानाला राहुकाळाचा थांबा म्हणतं.

त्यांचं एक वाक्य गावाला पाठ आहे. "बराबर हाय, पण वेळ पक्की हाय का?" हे ते बाळ झाल्याचे पेढे घेऊन आलेल्याला विचारतात, लग्नपत्रिका घेऊन आलेल्याला विचारतात आणि एकदा वडील वारल्याचा निरोप घेऊन आलेल्यालाही विचारलं. तो बिचारा रडता रडता थांबला आणि म्हणाला की घड्याळ पाच मिनिटं पुढं असायचं आमचं. गुरुजींनी लगेच पाच मिनिटं वजा केली.

एवढ्या वेळेच्या माणसाची एक गोष्ट मात्र गावाला कधी उमगली नाही. दवाखान्यात जायला मुहूर्त विचारलेला त्यांना खपत नाही. हल्ली लोक सिझेरियनची वेळसुद्धा काढून घेतात. असं कुणी आलं की गुरुजी पंचांग पिशवीत टाकतात आणि ओट्यावरून खाली उतरतात. "डॉक्टर म्हणंल ती वेळ. मला विचारायला आलास, तेवढ्यात पोचला असतास की." एका सावकाश बोलणाऱ्या पाटलाला तर त्यांनी हाताला धरून रिक्षात नेऊन बसवलं होतं. पाटील नुसता कवळीचं माप द्यायला निघाला होता.

आता भुताचं सांगतो. त्यात माझाही हात आहे, आणि तो चांगल्या कामाचा हात नाही.

दुकान टाकण्याआधी मी इथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मशीनच्या केबिनमध्ये बसून रिळं चढवायची आणि उतरवायची. ती टॉकीज आता हळदीचं गोदाम झाली आहे. मी वर्षातून एखादेवेळी आत जातो, तर जिथं पडदा होता त्या भिंतीवर पिवळी धूळ बसलेली असते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका खंडेनवमीला तिथं एक जुना, काळापांढरा भुताचा हिंदी पिक्चर पुन्हा लागला. त्याचं नाव मी लिहीत नाही, कारण गुरुजीही घेत नाहीत. अमंगळ नाव जिभेवर कशाला, म्हणून ते त्याला 'त्या बाईचं पिक्चर' म्हणतात.

गोष्ट साधी होती. नदीकाठी एक जुनी कोठी. शहरातून एक डॉक्टर तिथं राहायला येतो. विहिरीपाशी त्याला एक बाई दिसते आणि ती दरवेळी एकच विचारते, "गाडी आ गयी?" पुढं कळतं की ही बाई बाळंतपणात अडली होती, बैलगाडीची वाट बघत गेली आणि अजून वाटच बघते आहे. पब्लिक त्या प्रश्नाला पार टरकायचं. त्या आठवड्यात बसस्टँडवर पोरं एकमेकांना मागून गाठून 'गाडी आ गयी' म्हणायची.

खंडेनवमी म्हणजे अवजारांची पूजा. टॉकीजचं अवजार म्हणजे मशीन, म्हणून मालकांनी पूजेला गुरुजींना बोलावलं. तो शुक्रवार होता, आणि शुक्रवारी बारापर्यंत राहुकाळ. बाराचा खेळ, खाली लोक शिट्ट्या मारून राहिलेले, मालक घामाघूम; पण गुरुजींनी बारा वाजेपर्यंत नारळाला हात लावला नाही, आणि पुढं पूजाही सावकाश सांगितली. खेळ वीस मिनिटं उशिरा लागला. मालकांनी मान म्हणून गुरुजींना बाल्कनीत बसवलं. गुरुजींनी त्याआधी पिक्चर पाहिला नव्हता. ते उठून जातील असं आम्हाला वाटलं होतं. ते शेवटपर्यंत बसले आणि दुसऱ्या दिवशी तिकीट काढून परत आले. तिसऱ्या दिवशी वही आणि बॅटरी घेऊन आले.

सात दिवस आले. अंधारात बॅटरीचा एक गोल वहीवर फिरताना मला केबिनमधून दिसायचा. मध्यंतरात लोक त्यांना मुद्दाम छेडत आणि गुरुजी शांतपणे समजावून सांगत. भुताचे पाय उलटे काहून? लग्नेश वक्री आहे, वक्री ग्रह मागंच चालायचा. कंदील घेऊन फिरणारा तो नोकर कोण, ज्याचं तोंडच दाखवत नाहीत? केतू. केतूला डोकं नसतंय, एवढंही माहीत न्हाई का? डॉक्टर हा गुरू, पण नीचीचा, म्हणून सगळं कळतं आणि उपयोग काहीच होत नाही. एका प्रसंगात म्हातारा 'आज अमावस है' म्हणतो आणि मागं आभाळात वाटोळा चंद्र दिसतो. तिथं मात्र गुरुजी चिडले. म्हणाले, या पिक्चरमध्ये भूत एकच आहे, ते म्हणजे हे काढणारा माणूस.

पत्रिकेला लागणारी जन्मवेळही पिक्चरमध्येच होती. कोठीतली म्हातारी दाई सांगते की ही बाई जन्मली, पुष्य नक्षत्र होतं आणि भिंतीवरच्या घड्याळात चारचे टोले पडत होते. कोणत्या महापुराच्या साली तेही सांगते. बस, गुरुजींना एवढं पुरलं. गाव त्यांना भूतजोशी म्हणायला लागलं ते तेव्हापासून.

चौथ्या दिवशी खेळ सुटल्यावर ते लोखंडी जिना चढून माझ्या केबिनमध्ये आले. धोतर सावरत दारातच उभे राहिले.

"ऑपरेटर, खरं सांग. शेवटाकडं मधे काही राहून राहिलं का? दाई बोलायला तोंड उघडते आणि एकदम सकाळच होते."

मी त्यांच्याकडे न बघता म्हणालो, "न्हाई गुरुजी. प्रिंटच तसा आलाय."

हे खोटं होतं. दहावं रीळ डब्यात माझ्या पायाशी पडलं होतं. पहिल्या दिवशी खेळ उशिरा लागला आणि तीनचा खेळ वेळेवर लावायचा होता, म्हणून मी ते गाळलं. त्यात नुसतं बोलणं होतं, भूत एकदाही येत नव्हतं. कुणी ओरडलं नाही. मग दुसऱ्या दिवसापासून उशीर नसतानाही गाळलं, कारण तेवढ्या वेळात माझा डबा खाऊन व्हायचा. सात दिवस मी निवांत जेवलो.

चूक एवढीच. माझी बायको म्हणते की एक रीळ गाळलं म्हणून कुणी नरकात जात नाही. पण गुरुजी पुढच्या वर्षांत ती पत्रिका पुन्हा पुन्हा काढत राहिले. मी दुकान टाकल्यावर ती माझ्याकडे झेरॉक्सला आणत राहिले, आणि दरवेळी कागद काचेवर ठेवताना मला ते डब्यातलं रीळ आठवत राहिलं. एकदोनदा मी तोंड उघडलं आणि लाइट बिलाबद्दल बोलून मिटवलं. बायको शेवटी कंटाळून म्हणाली, "सांगून टाका एकदाचं. न्हाई तर ते रीळ उराशी धरूनच मरताल."

झेरॉक्स करता करता एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. दर नव्या पत्रिकेत बाईची जन्मवेळ चार मिनिटांनी पुढं जात होती. चार, चार वाजून चार, चार वाजून आठ. मी विचारलं तर गुरुजी म्हणाले, चार मिनिटांत लग्न एक अंश सरकतं. कोठीतलं घड्याळ मागं होतं, याचा पुरावा पिक्चरमध्येच आहे. मला वाटलं, नाद आहे म्हाताऱ्याला. कुणी पत्ते खेळतं, हे भुताला तरुण करून राहिले.

गेल्या उन्हाळ्यात एका मंगळवारी ते तीनला आले ते खुशीत. नववी पत्रिका आणली होती. चार वाजून बत्तीस मिनिटं. स्टुलावर बसून पाणी प्याले आणि म्हणाले की आता पक्कं झालं. लग्नच बदललं, अष्टमस्थानावरची गुरूची दृष्टी गेली.

"म्हणजे काय, गुरुजी?"

"म्हणजे गाडी वेळेवर आली असती तरी ती बाई वाचत नव्हती." त्यांनी कागद मांडीवर सारखा केला. "गाडीचा दोष न्हाई त्यात."

दोनच महिन्यांपूर्वी तो पिक्चर मला इंटरनेटवर सापडला होता, आख्खा. दहाव्या रिळाचा भाग मी एकट्यानं दुकानात बसून पाहिला होता. दाई तोंड उघडते, त्यानंतर काय म्हणते, ते मला माहीत होतं. ते गुरुजींच्या पत्रिकेच्या बरोबर उलट होतं. आता वाटतं, तेव्हा तरी गप्प राहायचं. पण मला माझंच ओझं दिसत होतं. अठ्ठावीस वर्षं तोंडात धरलेलं मी ओकून टाकलं. रीळ, डबा, जेवण, खोटं, सगळं.

ते रागावले नाहीत. "दाखव," एवढंच म्हणाले.

मी कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. गिऱ्हाईक आलं, त्याला नंतर ये म्हणालो. पडद्यावर म्हातारी दाई चुलीपुढं बसली होती. ती डॉक्टरला सांगत होती की मी शंभर बाळंतपणं केली, मला कळतं. गाडी दारातच उभी होती. घरातले लोक निघायची वेळ ठरवत बसले. एक घटका आधी निघाले असते, तर दोघं वाचली असती.

गुरुजींनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मी लावलं. नंतर त्यांनी हातानंच पुरे अशी खूण केली.

"हे रीळ काहून गाळलंस?"

"पहिल्या दिवशी खेळ उशिरा लागला होता, गुरुजी."

"उशीर काहून झाला?"

उत्तरही त्यांनीच दिलं. "माझ्या राहुकाळामुळं."

मग ते बाहेर रस्त्याकडे वळून बसले. गुरुजींची मंडळी त्या खंडेनवमीच्या दोन वर्षं आधी बाळंतपणात गेली, हे गावाला माहीत होतं. पुढचं कुणाला माहीत नव्हतं. ते त्यांनी मला सांगितलं. वेळा सांगताना सांगतात, त्याच आवाजात.

"शुक्रवार होता. नांदेडला न्यायला जीप साडेदहाला दारात आली. बारापर्यंत राहुकाळ. मी म्हणालो, बारानंतर निघू. ती कळा देत होती. तरी मला म्हणाली, तुमी म्हणताल तसं." त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. "मधे दोनदा विचारलं तिनं. गाडी हाय ना दारात, म्हणून."

माझी चूक झाली, असं काहीतरी पुटपुटलो. त्यांनी ते ऐकलं नसावं. त्यांनी लाल फडकं सोडलं, गठ्ठ्याच्या तळाचा कागद काढला. टॉकीजच्या अंधारात पेन्सिलीनं लिहिलेला, अक्षरं तिरपी गेलेला. त्यावर वेळ होती चार.

"पहिलीच बराबर काढली होती," ते म्हणाले. "पुढचं सगळं मी सरकवलं."

बाकीच्या आठ पत्रिका त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाले, पाठकोरे आहेत, तुला कच्च्या कामाला होतील. पेन्सिलीचा कागद तेवढा घडी करून पंचांगात घातला. मग पिशवी खांद्याला लावून उठले.

मी भिंतीवर पाहिलं. चारला दहा कमी होते.

"गुरुजी, राहुकाळ चालू हाय अजून."

"माहीत हाय," ते म्हणाले. चपला घातल्या आणि भर उन्हात रस्त्यावर उतरले. सावकाश, मधोमध चालत महादेवाच्या गल्लीकडे गेले. रिक्षावाल्यांनी वळून पाहिलं.

मी केलं ते बरं केलं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. त्या आठ पाठकोऱ्या पत्रिका ड्रॉवरमध्ये तशाच आहेत. त्या दिवशी एकदोन गिऱ्हाइकं बसायला आली, पण साडेचार वाजेपर्यंत त्या स्टुलावर मी कुणाला बसू दिलं नाही.