पडद्याआडचे मोठे साहेब

“तीन दिवस! फक्त तीन दिवसांत त्या लाल शेवाळाला गाशा गुंडाळायला लावतो!” असं खारेमामांनी सोमवारी सकाळी बायकोला छाती फुगवून सांगितलं. ती त्या वेळी त्यांचाच हरवलेला मोजा शोधत होती, त्यामुळे नुसतं “बरं” म्हणाली.

खारे हे मामांचं आडनाव नव्हे. ते कंपनीचे स्टोअरकीपर. ऑफिसच्या तळमजल्यावर, रिसेप्शनसमोर, खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी होती. आत जिवंत प्रवाळ, पाच मासे आणि एक कोळंबी. ती सांभाळून सांभाळून मामांच्या बाह्यांवर कायम मिठाचे पांढरे डाग, म्हणून ते खारेमामा! सहा वर्षं त्यांनी ती टाकी तान्ह्या बाळासारखी जपली होती. आणि आता वाळूवर, दगडांवर, प्रवाळांवर लालभडक चिकट साय पसरली होती. आज खरवडून काढली की उद्या दुप्पट!

माशांच्या दुकानदारानं रविवारीच निदान केलं होतं. “मामा, हे शेवाळ नाहीच. हे बॅक्टेरिया! उजेडावर माजतात. दिवे बंद करा, टाकी पूर्ण झाका, हवेचा पंप चालू ठेवा. तीन दिवस. मध्येच कुणी उघडलं तर सगळी मेहनत पाण्यात!”

सोमवारी दुपारी मॅनेजरबाई कडाडल्या, “मामा, एरवी मोठे साहेब मागच्या लिफ्टनं थेट सातव्या मजल्यावर जातात, पण गुरुवारी संध्याकाळी सहाला ते या दारानं येताहेत. त्याआधी ही घाण इथून गेली पाहिजे!”

“गेलीच समजा, मॅडम!”

बाईंच्या मते घाण म्हणजे अख्खी टाकी. मामांच्या मते घाण म्हणजे बॅक्टेरिया. दोघंही समाधानानं आपापल्या कामाला लागले.

त्याच संध्याकाळी सहाच्या ठोक्याला मामांनी स्टोअरमधला जुना रंगमंचाचा मखमली पडदा काढला आणि त्याच्या दोरीसकट टाकीभोवती गुंडाळला. वरून उजेड शिरू नये म्हणून एक खोका उपडा घातला. आणि चिठ्ठी लावली : ‘गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत उघडू नये!’

मंगळवारी रिसेप्शनवरच्या ताई ते बघून चक्रावल्या. टाकी हलवायचा हुकूम त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकला होता. मग टाकीच्या जागी हे काय आणून ठेवलं? तेवढ्यात मामा फोनवर दुकानदाराला सांगत होते, “हो हो, साहेब आले की पडदा काढणार. चेहरामोहरा असा उजळेल की बघत राहाल!”

दुपारपर्यंत सातही मजल्यांवर बातमी : मोठ्या साहेबांचा पुतळा!

“पण आडवा का?” अकाउंटंटनं विचारलं.

“पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आडवे झालेत, होऊ द्या की!” ताई म्हणाल्या.

“आणि आतून गुरगुर कसली येतेय?”

“साहेबांचाच आहे म्हटल्यावर येणारच!”

बुधवारी मॅनेजरबाईंनी मामांना जिन्यात गाठलं. “एवढं मोठं काम केलंत आणि मला पत्ता नाही? बरं, झालंय ना नीट?”

“अगदी सहा वर्षांपूर्वी होतं तसं दिसणार, मॅडम!”

“वा! तेव्हा साहेब काय रुबाबदार होते!” बाई हरखल्या. साहेबांचा इथे काय संबंध, ते मामांना कळेना. “आणि केस कसे आलेत?”

गेल्या महिन्यात दगडांवर हिरवं केसाळ शेवाळ उगवलं होतं. बाईंना तेही आठवतंय, या विचारानं मामा भारावले. “केस मी सगळे ब्रशनं उपटून काढले, मॅडम! एक ठेवला नाही!”

बाईंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला. “टक्कल? अहो, साहेब विग लावतात!”

मामा डोकं खाजवत स्टोअरमध्ये गेले. माणूस कामाच्या ताणानं काहीही बोलतो!

गुरुवारी खालून माइकची खरखर आली तेव्हा घड्याळात पाच वाजले होते. मामा धावत उतरले. बघतात तो काय, फिती, फुलं, फोटोग्राफर, सगळं ऑफिस गोळा! बॅक्टेरियाचं एवढं कौतुक? मोठे साहेब तासभर आधीच आले होते. फोटोसाठी त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला होता आणि हात जोडून बोलत होते, “जिवंतपणी पुतळा म्हणजे... मी याला पात्र नाही!”

“पुतळा? कुणाचा?” मामांनी शेजारच्याला विचारलं. तेवढ्यात साहेबांनी दोरीला हात घातला. “साहेब, थांबा! अजून एक तास बाकी आहे!” मामा ओरडले.

सर्रकन पडदा खाली! खोका ताईंच्या पायावर! फ्लॅश लखलखला आणि दचकून जागा झालेला जाड ओठांचा पिवळा मासा काचेला नाक लावून साहेबांकडे बघू लागला.

बिनचष्म्याचे साहेब पुढे वाकले. “डोळे छान जमलेत. ओठ जरा जाड झालेत, पण...”

माशानं त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“हे हलतंय!” साहेब किंचाळले आणि घाईघाईनं चष्मा शोधू लागले.

“मामा!” मॅनेजरबाईंचा आवाज फुटला. “ही घाण इथून घालवायला सांगितली होती ना?”

“घालवली की, मॅडम! बघा, लाल ठिपकासुद्धा नाही!” मामा कळवळून म्हणाले. खरंच, वाळू पांढरीशुभ्र झाली होती. पण बघायला कुणाचा धीर होत नव्हता. सगळे साहेबांच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि लाली आता तिथे चढली होती.

साहेबांनी चष्मा चढवला. एक इवलीशी कोळंबी दगडावर बसून पिवळ्या माशाचे कल्ले साफ करत होती. साहेब गुडघ्यांवर हात टेकून बघत राहिले. एक मिनिट. पाच मिनिटं. मग हळूच म्हणाले, “हे कधीपासून आहे इथे?”

“सहा वर्षं, साहेब.”

“मला कुणी दाखवलं कसं नाही?” आणि त्यांनी सगळ्यांसमोर मामांची पाठ थोपटली.

मामा घरी पोचले तेव्हा बायको दारातच उभी होती. “काय झालं? साहेब खूश?”

“भलतेच! तिथल्या तिथे हुकूम दिला. सातवा मजला, थेट त्यांच्या केबिनमध्ये!”

“अगंबाई! बढती?”

“हो,” मामा बूट काढत म्हणाले. “टाकीला.”

“आणि तुम्हाला?”

“मला रोज सकाळी खाऱ्या पाण्याच्या दोन बादल्या घेऊन सात मजले चढायचेत. लिफ्टमध्ये पाणी न्यायला मनाई आहे!”