गुणाजी शेकरू आणि मुकी पट्टी

एका जंगलात आप्पा गवा राहायचे. या गोष्टीत जे काही वाईट घडतं ते त्यांच्यामुळे घडतं.

बाळांनो, हे आधीच सांगून टाकतो. दोषी कोण हे शेवटपर्यंत लपवायचं, ही मोठ्यांची खोड आहे. तोवर दोषी सटकतो आणि पुढे त्याच्याच नावाचा चौक होतो.

तर, जंगलाच्या कडेला एक डाकबंगला होता. तिथे पूर्वी एक साहेब उतरायचा. सकाळी तो शिकार करायचा आणि संध्याकाळी ग्रामोफोनवर जॅझ लावायचा. सकाळी जे प्राणी वाचायचे ते संध्याकाळी खिडकीखाली बसून ऐकायचे. पुढे साहेब गेला. त्याचा पियानो मागे राहिला. आप्पा तेव्हा तरुण होते. त्यांनी शिंगांनी दार मोडलं, आत शिरले आणि म्हणाले, "आजपासून हे आपलं मंडळ."

दार मोडलं, ही आप्पांची पहिली आणि शेवटची बंडखोरी. तिच्यावर ते जन्मभर जेवले.

आता तुम्ही विचाराल, जॅझ म्हणजे काय? सोपं आहे. एक चाल ठरलेली असते. वाजवणारा तिच्यावरून निघतो आणि मधेच तिला सोडून देतो. काही वेळ तो हवेत असतो. कुठे उतरणार हे त्यालाही ठाऊक नसतं. पण तो उतरतो, आणि अशा जागी उतरतो की ऐकणाऱ्याला वाटतं, हीच जागा होती की!

मंडळाच्या भिंतीवर आप्पांनी शिंगानं कोरलं होतं, 'जॅझ म्हणजे स्वातंत्र्य.' खाली बारीक अक्षरात होतं, 'ते वयानुसार मिळेल.'

दर रविवारी बैठक व्हायची. पाळी वयानं लागायची. आधी आप्पा. आप्पांचा एक खूर पियानोच्या पाच पट्ट्यांवर एकदम पडायचा. ते म्हणायचे, ही माझी शैली आहे. मग धनेशकाका चोचीतून तुतारी काढायचे. काका फुंकत सुटले की श्वास संपेपर्यंत थांबायचे नाहीत, आणि श्वास कधी संपायचा नाही. मग सांबरबुवा. बुवा काहीच वाजवत नसत. ते साहेबाच्या आठवणी सांगत. तीही पाळीच धरली जायची. तेवढ्यात अंधार पडायचा. म्हातारे उठायचे. तरुणांची पाळी पुढच्या रविवारवर जायची. तिथून ती अजून कुणी परत आणलेली नाही.

तरुणांपैकी एक होता गुणाजी शेकरू. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, लांब बोटं. शेकरू या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेतं तेव्हा आधी माप काढत बसत नाही. त्यामुळे गुणाजीला जॅझ शिकवावा लागला नव्हता. हीच त्याची अडचण होती. ज्याला शिकवावं लागत नाही त्याचं गुरू काय करणार?

आप्पांनी त्याला पियानोच्या पायपट्टीवर, म्हणजे खालच्या पेडलवर बसवलं.

"दाबून बस. हलू नको. सूर लांबला पाहिजे."

"किती दिवस, आप्पा?"

"आम्ही कधी विचारलं नाही."

आप्पा कधी पायपट्टीवर बसलेच नव्हते, मग विचारतील कशाला? पण बाळांनो, मोठ्यांना असे उलटे प्रश्न विचारू नयेत. शाळेतून काढतात.

त्या पियानोत एक गंमत होती. मधली एक पट्टी मुकी होती. आतली लाकडी हातोडी वाळवीनं खाल्ली होती. पट्टी दाबली की खाली जायची, वर यायची, आवाज शून्य. आता तुमच्या-माझ्यासारखा म्हणेल, बिघडलीय. मंडळात तसं म्हणायची पद्धत नव्हती. आप्पा वाजवता वाजवता त्या पट्टीवर यायचे, खूर ठेवायचे आणि डोळे मिटायचे. धनेशकाका मान डोलवायचे. "वा आप्पा! काय लागला!" सांबरबुवांच्या डोळ्यांत पाणी यायचं.

असं करता करता मुकी पट्टी मंडळाचं दैवत झाली.

गुणाजी फक्त दुपारी वाजवायचा. म्हातारे वामकुक्षी घ्यायचे तेव्हा. सोबत असायची चंद्री मुंगसीण. तिच्याकडे साहेबाचा बिस्किटांचा रिकामा डबा होता. ती तो दोन काटक्यांनी वाजवायची. ठेका धरायची आणि मधेच एक जागा मोकळी सोडायची. त्या जागेत गुणाजीनं उडी मारायची. ती जागा कधी सोडेल हे ती सांगायची नाही. तो कुठे उतरेल हे तोही सांगायचा नाही.

"आज लई लांब गेलास," ती म्हणायची.

"मधे मुकी आली ना. तिच्यावरून जायचं तर लांबच जावं लागतं."

मुकीवर बोट पडलं की सूर तुटायचा. म्हणून गुणाजी तिच्यावरून उडी मारायचा. कधी जवळ उतरायचा, कधी थेट पलीकडच्या टोकाला. त्याचं सगळं वाजवणं त्या भोकाभोवती वाढलं होतं. ढोलीभोवती झाड वाढतं तसं.

एका वर्षी धनेशकाकू अंड्यांवर बसल्या. धनेशांच्यात रीत आहे. काकू ढोलीत शिरून दार लिंपून घेतात, एक फट ठेवतात. काका त्या फटीतून फळं भरवत राहतात. त्यामुळे काकांची त्या हंगामात सुट्टी झाली. त्यातच एका रविवारी सांबरबुवांचा घसा बसला. आप्पांचं वाजवून झालं तरी ऊन शिल्लक होतं. आता करायचं काय?

"आप्पा, गुणाजीला बसवा की," चंद्री मागून म्हणाली.

आप्पांनी आकाशाकडे पाहिलं. ऊन काही हलेना.

"बैस," ते म्हणाले. "थोडक्यात आवर."

गुणाजी बसला. चंद्रीनं डबा पुढे ओढला. ठेका धरला. जागा सोडली. गुणाजीनं उडी घेतली.

त्या दिवशी नक्की काय झालं हे जंगलात अजून कुणाला नीट सांगता येत नाही. पाणवठ्यावरची भेकरं पाणी प्यायची थांबली. घोरपड भिंतीवरून उतरायचं विसरली. गुणाजी थांबला.

आप्पा बोलले. "मधल्या पट्टीला बोट का नाही लावलं?"

"आप्पा, ती मुकी आहे."

"कोण म्हणतं?"

"वाजत नाही ती."

"तुला ऐकू येत नाही, असं म्हण. आम्हाला ऐकू येतं. मौन ऐकायला साधना लागते. काल आलेली पोरं दैवताला ओलांडून जातात!"

"ओलांडलं म्हणूनच तर..." चंद्री बोलायला लागली.

"तू डबे वाजव," आप्पा म्हणाले. "गुणाजी, पायपट्टीवर बस. परत पहिल्यापासून."

गुणाजीनं एकदा सगळ्यांकडे पाहिलं. घोरपडीनं भिंतीकडे तोंड केलं. भेकरं पाणी प्यायला लागली. तो वाजवत असताना ज्यांचा श्वास अडकला होता त्यांतलं कुणीही बोललं नाही. आप्पांसमोर कोण बोलणार? त्यांनी दार मोडलं होतं ना!

बाहेर कुंपणाशी तरसशेठ उभे होते. त्यांचा वरातींचा धंदा होता. विनोद व्हायच्या आधीच हसायची त्यांना सवय होती.

"ह्या ह्या ह्या! गुणाभाऊ, इथं काय करताय? पाय दाबताय? पट्ट्या दाबायला या आमच्याकडे!"

त्यांनी गुणाजीला कीबोर्ड दाखवला. नवाकोरा. गळ्यात अडकवायचा. प्रत्येक पट्टी बोलायची. एक बटण दाबलं की ढोल यायचा, दुसरं दाबलं की टाळ्यासुद्धा यायच्या.

"मुकी कुठाय?" गुणाजीनं विचारलं.

"मुकी? राजा, आपल्या मालात खोट नसते!"

जाताना चंद्री आडवी आली नाही. ती एवढंच म्हणाली, "जा की. इथं बसून तरी तुला कुठं पालवी फुटणारेय? पण दुपारी येत जा. हात गंजतो."

"येतो गं. कुठं लांब चाललोय?"

दोन-चार दुपारी तो आला. मग लग्नांचा हंगाम सुरू झाला.

वरातीत गुणाजीनं एक चाल बसवली. 'हल गं फांदी हल'. आठ सुरांची. पहिल्याच वरातीत रानडुकरं नाचली. दुसऱ्या वरातीत त्यानं तीच चाल घेतली, मधे सोडून दिली आणि उडी मारली. ठेका मोकळा पडला. नाचणाऱ्यांचे पाय हवेत राहिले. नवरदेव घसरला आणि ओढ्यात गेला. मुंडावळ्यांसकट.

तरसशेठ पहिल्यांदाच हसले नाहीत.

"गुणाभाऊ, काल वाजवलं तेच वाजवायचं."

"तेच? तस्संच?"

"काल नाचले ना? मग?"

"पण शेठ, मलाच कंटाळा..."

"तुमची वरात निघेल तेव्हा करा कंटाळा. ह्या ह्या!"

मग तो तेच वाजवायला लागला. सांबरांच्या लग्नात तेच, सशांच्या बारशाला तेच. वाघाच्या मिरवणुकीत तर आठ सूर रात्र उलटेपर्यंत. गुणाजी मोठा झाला. माकडं त्याच्यासारखी शेपूट फुलवायला लागली. चार कोल्हे त्याची पालखी वाहू लागले. शेकरू जमिनीवर सहसा उतरत नाही. गुणाजी तर आता फांदीवरही चढेना. गरजच काय?

मंडळात आप्पा दर रविवारी सांगायचे, "विकला गेला. आमच्या हाताखालचं पोर. कलेशी द्रोह!"

धनेशकाका मान डोलवायचे. कोपऱ्यात चंद्री डबा वाजवायची. ठेका धरायची, जागा सोडायची. जागा तशीच रिकामी जायची.

मग आप्पांच्या नातवाचं लग्न निघालं. नातू म्हणाला, "आजोबा, वरातीला गुणाजी पाहिजे. नाहीतर मी बोहल्यावर उभाच राहणार नाही." आप्पांनी तरसशेठकडे निरोप धाडला. 'हल गं फांदी हल' सुरू झालं आणि आप्पा नाचले. चारही खुरांनी. दुसऱ्या दिवशी धनेशकाकांनी दबकत विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "मी नाचत नव्हतो. त्या चालीतले दोष दाखवत होतो."

पण गर्दी त्यांनी पाहिली होती. इतकी गर्दी मंडळानं जन्मात पाहिली नव्हती. पुढच्याच रविवारी ठराव झाला. गुणाजी शेकरू यांना मंडळातर्फे जीवनगौरव. बाळांनो, जीवनगौरव म्हणजे आता पुरे कर, हे हार घालून सांगणं.

आप्पांना आणखी एक सुचलं. "आपला गुणाजी येतोय. त्याच्या मोठेपणाला शोभेल असं काहीतरी करू. ती मधली पट्टी दुरुस्त करून घ्या."

"म्हणजे ती बिघडलेली होती?" चंद्रीनं विचारलं.

"थोडीशी," आप्पा म्हणाले.

सत्काराला अख्खं जंगल लोटलं. पालखीतून गुणाजी उतरला. अंगानं सुटला होता. आप्पांनी तासभर भाषण केलं. त्यात दार तीनदा मोडलं. "हे रोपटं आमच्या मंडळानं लावलं," ते म्हणाले. "याच्यातला हिरा पहिल्यांदा कुणी ओळखला? मी! तरसशेठ, खरं की नाही?"

"ह्या ह्या ह्या!"

"गुणाजी, आज पहिली पाळी तुझी. काय वाटेल ते वाजव. जॅझ म्हणजे स्वातंत्र्य!"

गुणाजीनं गळ्यातला कीबोर्ड काढून ठेवला. इतकी वर्षं तो याच दिवसाची वाट पाहत होता, हे तिथे फक्त चंद्रीला माहीत होतं. ती न बोलावता पुढे आली. डबा तोच. गंजलेला.

"आठवतंय का रे?" तिनं हळूच विचारलं.

"धर तू."

तिनं ठेका धरला. गुणाजीची बोटं निघाली. चंद्री हसली. तिनं जागा सोडली.

गुणाजी मुकीपाशी आला. इथून उडी मारायची होती. बोट सवयीनं खाली पडलं.

पट्टी वाजली. स्वच्छ, गोल, सुरात.

गुणाजी थबकला. पुढच्या पट्टीवर गेला, तीही वाजली. त्याच्या पुढचीही. कुठेच भोक नव्हतं. बोटं जराशी चाचपडली आणि मग त्यांना जी वाट येत होती त्या वाटेला लागली. एक, दोन, तीन. 'हल गं फांदी हल'. आठ सूर. परत आठ सूर.

जंगल उसळलं. रानडुकरं नाचली. धनेशकाकांनी चोच वर करून तुतारी लावली. आप्पांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! काय लागला!"

चंद्रीनं आणखी एकदा जागा सोडली. मग आणखी एकदा, जास्त मोठी. त्यातून म्हैस गेली असती. गुणाजी आला नाही. तिनं काटक्या डब्यात टाकल्या.

गर्दी ओसरल्यावर ती पालखीपाशी गेली. गुणाजीच्या गळ्यात हार होते.

"काय झालं रे?"

"उडी मारणार होतो गं."

"मग?"

"सगळीकडे फांदीच होती."

चार कोल्ह्यांनी पालखी उचलली. तिकडे मंडळात आप्पा नव्या पोरांना सांगत होते, "बघा, पायपट्टीवर नीट बसलं की असं होतं." पोरं पायपट्टीसाठी रांगेत उभी राहिली.

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांचा मान राखावा. घाई करू नये. आपली पाळी नक्की येते, हार-तुऱ्यांसकट येते, आणि तोपर्यंत मोठे आपल्यातली एकेक खोट काढत राहतात. गुणाजीला सगळं मिळालं. त्याला आता वाजवता येत नाही.