बिराजदार सरांचं लग्न

बिराजदार सरांना "लग्न का नाही केलं?" असं विचारलं, तर त्यांनी एकच उत्तर दोनदा दिल्याचं आमच्या अहमदपूरच्या शाळेत कुणाला आठवत नाही. शिपायाला म्हणाले, "टँकर कवा येतो, कवा न्हाई. नवरदेवाला हळद लागली, तर धुवायची कशानं?" मुख्याध्यापकांना म्हणाले, "नवा जिल्हा होतोय म्हणं. होऊ द्या की. पत्रिकेवर जिल्हा कोणता छापू?" माझ्या सासूबाई मुरूडच्या स्थळाचा फोटो घेऊन गेल्या, तर म्हणाले, "मावशी, पोरगी लई गुणाची दिसती. माझ्या गळ्यात बांधून तिचं वाटोळं कशाला करता?" सासूबाई या विनयावर इतक्या खूश, की दुसऱ्या दिवशी त्याच मुलीच्या धाकट्या बहिणीचा फोटो घेऊन गेल्या.

सर गणिताचे. दुष्काळातही शर्टाला कडक इस्त्री. काहीही सांगा, "सिद्ध करा!" म्हणणार. मी म्हटलं, आज ऊन फार आहे. "सिद्ध करा, बाई!"

एका वर्षी दहावीच्या वर्गात कुणीतरी फळ्यावर बदाम काढून त्यात वर्गातल्या दोन मुलींची नावं लिहिली. मुख्याध्यापक पुसायला लागले, तर त्यातली एक उभी राहिली. "राहू द्या सर. खरंच आहे."

लगेच आम्हा शिक्षकांची बैठक.

"दोघींचे दाखले हातात द्यायचे," मुख्याध्यापक म्हणाले. "या मुलींचं प्रकरण मैत्रीच्या पलीकडचं आहे."

आम्ही सगळ्यांनी बिराजदार सरांकडे बघितलं. आता "सिद्ध करा" येणार.

"असंल," सर म्हणाले. "मग?"

"मग काय? उद्या पालक विचारतील, शाळेत हे आलं कुठून?"

"माझ्याकडं बोट दावा. मी बी तसलाच हाय. मला बाया न्हाई, गडी आवडतात. इतकी वर्षं हितं शिकवतोय, शाळा पडली का?"

चित्रकलेच्या सरांनी ओठाला लावलेली बशी तशीच खाली ठेवली. मुख्याध्यापकांनी बराच विचार केला आणि काकुळतीनं विचारलं, "पण मग दहावीचं गणित कोण घेणार?"

"मीच. गणितानं काय घोडं मारलंय?"

दाखले निघाले नाहीत. चार पालक तणतणत आले, आदल्या वर्षीचे गणिताचे मार्क बघून परत गेले. दोघा-तिघांनी सरांशेजारी डबा खाणं सोडलं. "बरं झालं," सर म्हणाले, "त्यांची भाजी लई खारट असती."

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी भाकरी-पिठलं घेऊन त्यांच्या घरी गेले. सर एकटेच ओट्यावर बसले होते. मी धीर करून विचारलं, "सर, कुणी होतं का?"

"होता. उदगीरचा. मन्मथ. मोंढ्यात धान्याची आडत होती त्याची. मागल्या उन्हाळ्यात गेला. मातीला गेलो, गर्दीत मागं उभा राहिलो. त्याच्या पुतण्यानं विचारलं, पाव्हणे, तुम्ही कोण? म्हनलं, गिऱ्हाईक."

"कसे होते ते?" मी विचारलं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आत गेले, माझ्यासाठी खुर्ची आणली, पंच्यानं पुसली.

"बसा बाई," म्हणाले. "लई भांडकुदळ होता."