टिंडल साहेब घरपोच

मंगळवारी सकाळी पूर्वज-शोध कार्यालयाच्या जीपने सुगंधा जालगावकरांच्या दापोलीतल्या घरी त्यांचे इंग्रज खापरपणजोबा आणून सोडले आणि मिळाल्याची सही घेतली. शोध लागलेला पूर्वज घरपोच करायचा हा नियमच आहे, त्यामुळे आळीत कुणाला नवल वाटलं नाही. गणपतीच्या आधी समोरच्या खोतांकडे पेशवाईतला एक कारकून आला होता. तो अजून तिथेच आहे आणि दिवसभर खोकतो.

खापरपणजोबांचं नाव अँब्रोज टिंडल. दापोलीच्या कॅम्पात गोऱ्यांच्या पलटणी होत्या त्या काळातला रस्त्यांचा ओव्हरसियर. उंच, लालबुंद, नाकाची साल निघालेली. पाठवण्याआधी कार्यालयाने त्याचं मराठी पक्कं करून घेतलं होतं. तोरा कमी करून घ्यायची सोय मात्र त्यांच्याकडे नसावी, कारण जीपमधून उतरल्या उतरल्या त्याने पडवीतली एकुलती एक खुर्ची धरली आणि चहा मागितला.

आता गंमत अशी, की सुगंधाताईंनी हा मागवलाच नव्हता. त्यांनी मागवली होती खापरपणजी.

जालगावकरांकडे दर सर्वपित्री अमावास्येला गेलेल्यांची पानं वाढतात. मागच्या अंगणात एकेकाचं नाव घ्यायचं, पान ठेवायचं, कावळ्याची वाट बघायची. शेवटचं पान हिचं असायचं आणि ते ठेवताना म्हणायचं, 'साहेबाची बाई.' आजोबा तसंच म्हणायचे, वडीलही तसंच म्हणायचे. अकरा वर्षं बाईने त्या माणसाचं घर केलं, त्याची दोन पोरं वाढवली, तो विलायतेला निघून गेल्यावर लोकांची भातं कांडून ती पोरं जगवली, आणि पानावर नाव काय, तर साहेबाची बाई! कुत्र्याला तरी कुणी शेजाऱ्याचा कुत्रा म्हणून जेवायला घालतं का? लहानपणापासून सुगंधाताईंना ह्या गोष्टीचा संताप यायचा. साठी उलटल्यावर त्यांनी ठरवलं की आपण जायच्या आत हे पान नावाने ठेवायचं. यंदाची अमावास्या तोंडावर आली होती.

कार्यालयाने शोध घेतला. चर्चच्या जुन्या नोंदीत पोरांच्या बापाच्या रकान्यात टिंडल सापडला. आईच्या रकान्यात 'एक नेटिव्ह स्त्री' एवढंच होतं. ज्याला नाव होतं तो आला.

दुपारी सुगंधाताईंचा धाकटा भाऊ दिगंबर हार घेऊन हजर झाला. त्याने हार घातला, फोटो काढले, साहेबाच्या नाकाशेजारी आपलं नाक धरून पुन्हा फोटो काढले.

"ताई, बघ तरी! आपलंच नाक. साहेब, तिकडे आपली काही जमीनबिमीन?"

"दिगू, बाजूला हो," सुगंधाताई म्हणाल्या. पदर खोचून त्या साहेबासमोर उभ्या राहिल्या. "तुमच्यापाशी इथे अकरा वर्षं होती, तिचं नाव काय?"

टिंडलने मिशीवरून बोट फिरवलं. "चांगली बाई होती."

"नाव."

"आधी फार तिखट करायची. मग शिकली."

"नाव विचारतेय मी."

"मी बाई म्हणायचो. हाक मारली की यायची."

"घोडा होता तुमच्याकडे?"

"घोडी!" टिंडलचा चेहरा उजळला. "ज्यूलिया. तिच्या आधी डचेस, पण तिचा मागचा पाय अधू होता. आणि कुत्रा, सार्जंट. त्याला फुरसं चावलं. मी तीन दिवस कामावर गेलो नाही." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

सुगंधाताईंनी त्याच्या पुढ्यातला चहा उचलला आणि मोरीत ओतून आल्या.

"अगं ताई, जाऊ दे ना," दिगंबर म्हणाला. "एवढी वर्षं झाली. म्हाताऱ्या माणसाला किती ताणायचं?"

"तुला नाक मिळालं ना? मग गप बस."

दुसऱ्या दिवशी साहेबाला रिक्षात घालून त्या कार्यालयात गेल्या. तिथले उपळेकर फार अदबीने वागणारे गृहस्थ. त्यांनी दोघांना बसायला सांगितलं आणि पंखा लावला.

"सदोष निघाला तर परत घेता ना?" सुगंधाताईंनी विचारलं.

"घेतो की. दोष काय?"

"पोरांच्या आईचं नाव आठवत नाही ह्याला."

"तो दोष धरत नाहीत, ताई." उपळेकरांना खरोखरच वाईट वाटलेलं दिसलं. "तो दोष धरला तर आमचं गोदाम भरून जाईल."

"इंग्रज सगळे असेच म्हणा की!"

"इंग्रजांचं कशाला? तुमच्या समोरच्या खोतांच्या कारकुनाला विचारा. त्याला दोन होत्या, एकीचंही सांगता येत नाही. अक्षर मात्र मोत्यासारखं."

"मग तिला शोधून आणा."

"नाव द्या, आणतो."

"अहो, नावासाठीच तर ती हवीय!"

"तुमचं बरोबर आहे. पण नाव नसलेल्या बाईची मागणी केली तर नाव नसलेली कुठली पाठवायची? शेकड्यांनी पडल्यात."

सुगंधाताईंनी टेबलावर असा हात आपटला की पेनस्टँड आडवा झाला. टिंडल दचकून उभा राहिला आणि पुन्हा बसला.

"सगळ्या पाठवा."

"काय म्हणालात?"

"ह्या तालुक्यातल्या ज्या ज्या बायकांचं नाव तुमच्या रकान्यांत नाही, त्या सगळ्या माझ्या घरी पाठवा. मी विचारते एकेकीला."

उपळेकरांनी नियमांचं पुस्तक काढलं, बराच वेळ चाळलं आणि मिटलं. "अशी मागणी आजवर कुणी केलेली नाही. पण मनाईही नाही. घरात जागा आहे?"

"ते मी बघेन."

"जेवणाखाणाचं?"

"तेही."

"थोड्या थोड्या पाठवू?"

"आजवर थोडं थोडंच चाललंय सगळं. एकदम पाठवा."

"आणि साहेब?"

"त्यांना ठेवते. त्यांनाही बघू दे."

शनिवारी जीप आली नाही, ट्रक आले. पुढचा ट्रक दारात लागला आणि शेवटचा पार बाजारपेठेत. फाळके खाली पडले, बायका उतरू लागल्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हातात विळा, कुणी लाल आलवणात डोकं झाकलेली, कुणी पोटुशी, कुणी अजून परकरातली. अंगण भरलं, पडवी भरली, आळी भरली. एकही बोलत नव्हती. समोर खोतांच्या कारकुनाने आत जाऊन कडी लावून घेतली, ती सगळ्यांनी ऐकली.

"ताई," दिगंबर हळूच म्हणाला, "ह्यांतली आपली कोणती गं?"

"ज्याला माहीत असायला हवं, त्याला विचारते." सुगंधाताई खुर्चीकडे वळल्या. "ओळखा."

टिंडलने कपाळावर हात धरून नजर फिरवली, एकदा ह्या टोकाला, एकदा त्या टोकाला.

"ऊन आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "सगळ्या सारख्याच दिसतात."

सुगंधाताई काही बोलणार, एवढ्यात पाठीमागच्या गर्दीतून एक किडकिडीत बाई वाट काढत आली. तिने कुणाकडे पाहिलं नाही. ती खुर्चीपाशी आली, खाली बसली, साहेबाचा पाय मांडीवर घेतला आणि नाड्या सोडून बूट काढून ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबाने खालीसुद्धा न बघता दुसरा पाय पुढे केला.

सुगंधाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात इतक्या त्या कधी चिडल्या नव्हत्या, नवरा गेल्यावर दिरांनी घराबाहेर काढलं तेव्हासुद्धा नाही. त्यांनी तो पाय धरून बाजूला भिरकावला आणि बाईला दंडाला धरून उभं केलं.

"उठा आजी. बसायचं नाही खाली. नाव काय तुमचं?"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारलं असेल म्हणून.

"माजं?"

"तुमचंच."

तिने हात पदराला पुसले. बोलायच्या आधी दोनदा घसा साफ केला, बरीच वर्षं वापरला नव्हता म्हणून असेल. मग आळीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आवडी. जालगावच्या राघो भंडाऱ्याची थोरली लेक, आवडी."

"हां, आवडी!" टिंडल एका बुटावर उभा राहून आनंदाने म्हणाला. "बरोबर. हेच होतं."

"तुम्हाला कुणी विचारलं नाही," सुगंधाताई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची ओढून घेतली, आवडीला तीत बसवलं आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे वळल्या.

"तुमचं?"