सव्वा फुटाच्या आतली सुरमई

क्रांतीवहिनींनी ताट पुढ्यात सरकवलं आणि तेजस्वीनं नजरेनंच मासा मोजला. ताटात भाकरी, तांबडा रस्सा आणि तळलेली अख्खी सुरमई. अख्खी सुरमई ताटात मावते याचा अर्थ कळायला फार हुशारी लागत नाही. आणि तेजस्वीनं तर कसबा बावड्यातल्या याच घरात बसून तासभर तेच समजावलं होतं. सव्वा फुटाच्या आतली सुरमई घेऊ नका, तिनं अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. आपण घेतो म्हणून ट्रॉलरवाले असली पिल्लं ओढून आणतात. आपण थांबलो तर तेही थांबतील.

तेजस्वी हातकणंगल्याची. समुद्र तिनं दोनदाच पाहिलेला, तोही शाळेच्या सहलीत. पण मासेमारीबद्दल घरोघरी जाऊन बोलायचं काम एका संस्थेनं तिला दिलं, तीन दिवस शिकवलं आणि बजावलं, लहान मासा घेणार नाही अशा वीस घरांच्या सह्या महिनाअखेर आण, नाहीतर पुढच्या महिन्यापासून येऊ नकोस. तिच्या घरात कमावणारी ती एकटी.

वहिनींनी सगळं मन लावून ऐकलं, सही केली आणि तासभर माशांवर बोलणाऱ्या पाहुणीला आमटी-भातावर कसं पाठवायचं म्हणून नवऱ्याला बाजारात पिटाळलं होतं.

"वहिनी, हीच ती लहान," तेजस्वी हळूच म्हणाली.

"व्हय की. म्हनून तर एकच आनली," वहिनी म्हणाल्या. "उद्यापास्नं बंद. आज खावा."

आता नको म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला: आमच्या हातचं चालत नाही काय? याला कोल्हापुरात उत्तर नाही. तेजस्वीनं मुकाट्यानं खाल्लं. खोटं कशाला बोला, चवीला झकास होती.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. क्रांतीकडं जेवली आणि आमच्याकडं नुसता चहा? शेजारणीनं दोन तळल्या. तिच्या जावेनं रस्सा केला. रोज दोन-तीन घरं, तेवढ्या सह्या आणि तेवढीच ताटं. आठवड्यात एकोणीस सह्या कागदावर पडल्या आणि सव्वा फुटाच्या आतल्या वीस-बावीस सुरमया तेजस्वीच्या पोटात. कोपऱ्यावरचा मासेवाला जोतीराम आधी बावड्यात नदीचेच मासे विकायचा. तो आता लहान सुरमयांची पाटी भरून बसू लागला. एकदा त्यानं तिला मुद्दाम बसायला स्टूल दिलं आणि पुढच्या गल्लीत कधी जाणार, म्हणून अदबीनं विचारलं. तेजस्वीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विसावं घर धोंडुबाईंचं. गल्लीतल्या थोरल्या, आक्का म्हटलं की पोरंसोरं आवाज खाली घेत. त्यांनीही सही करण्याआधी ताट वाढलं. बघायला क्रांतीवहिनी आणि चार बायका दाराशी होत्याच. तेजस्वीनं भाकरीचा तुकडा मोडला, माशाकडं पाहिलं आणि तिचा हात काही पुढं जाईना.

"आज्जी, मला हे खाता येणार नाही. मी घरोघरी नको म्हणून सांगते आणि घरोघरी खाऊन येते. मला माझीच लाज वाटते."

असं म्हणून ती उठली. धोंडुबाईंनी ताट उचललं आणि आत गेल्या. सही राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिवशी क्रांतीवहिनींनी तिला रस्त्यातच अडवलं. "आक्कांच्या ताटावरनं उठलासा. आता आमची सही कशाला ऱ्हावी?" त्यांनी कागद मागून घेतला, आपल्या नावावर काट मारली आणि तो शेजारणीकडं दिला. संध्याकाळपर्यंत एकोणीसच्या एकोणीस नावांवर काट पडली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तेजस्वी नुसती माफी मागायला म्हणून बावड्यात आली. कोपऱ्यावर जोतीराम भरल्या पाटीपुढं माशा वारत बसला होता. तिला बघून त्यानं तोंडच फिरवलं. आठ दिवसांत एक सुरमई हलली नव्हती.

धोंडुबाई दारातच भेटल्या. तेजस्वी पाया पडायला वाकली.

"माज्या दारातनं पावणी उपाशी गेली, असं कदी झालं न्हवतं," आक्का म्हणाल्या. "ज्या माशापायी गेली, तो ह्या गल्लीत शिजायचा न्हाय. समद्यास्नी सांगिटलंय मी."

तेजस्वीला रडू की हसू कळेना. तिनं घाईघाईनं पिशवीतनं कागद काढला आणि एवढी सही द्या म्हणाली.

"सह्या एकोणीस जनींनी केलत्या की. काय झालं त्याचं?" आक्कांनी कागदाला हात लावला नाही. "तुज्या सायबालाच घिऊन ये. चुली बघू दे. आनि आता आत चल, शेपूची भाजी केलीया."

तेजस्वीनं हात धुतले आणि पाटावर बसली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली होती. आक्का वाढत होत्या आणि चौथ्या भाकरीला नको म्हणायची काही तिची छाती झाली नाही.