वर कढीपत्त्याच्या दोन काड्या

एका जंगलात, मुलांनो, श्रीरंगराव नावाचं एक साळिंदर राहत होतं. साळिंदर म्हणजे ज्याच्या पाठीवर काटे असतात ते. काटे असूनही ते कुणाला टोचत नाही, आणि चुकून टोचलंच तर आधी स्वतःच माफी मागतं. असे दोन-तीन जण तुमच्या आळीतही असतील. नीट शोधलंत तर एखादा घरातच सापडेल.

श्रीरंगरावांना आयुष्यात फार काही मिळालं नव्हतं. ते कुठल्या मंडळाचे अध्यक्ष नव्हते. सिंहाने त्यांना कधी नावाने हाक मारली नव्हती. पण जंगलात दोन जागा अशा होत्या की तिथे त्यांचा मान होता.

पहिली जागा म्हणजे केरबा वानराचं हॉटेल. हॉटेल कसलं, जांभळीखाली एक चूल, एक कढई आणि बसायला चार दगड. इतर गिऱ्हाइकं यायची, भजी सांगायची आणि कढईकडे डोळे लावून बसायची. श्रीरंगराव मात्र नुसते वळणावर दिसले की केरबा आत तोंड करून म्हणायचा, "रावांचं नेहमीचं." राव दगडावर टेकायच्या आत बशी समोर हजर असायची. थांबलेली गिऱ्हाइकं वळून बघायची. राव खाली मान घालून भजी खायचे, पण त्यांचे काटे आनंदाने थोडे फुलायचे.

दुसरी जागा भागामावशीची. भागामावशी ही रानडुकरीण. पहाटे उठून स्वतःच्या नाकाडाने जमीन उकरायची आणि सुरण, रताळी, कोनफळ असा माल करंजाखाली गोणपाटावर मांडायची. तिची जीभ तिच्या सुळ्यांपेक्षा धारदार. कुणी गड्डा दाबून बघायला लागलं की ती म्हणायची, "दाबू नगा, त्ये काय तुमचं गुडघं हायती व्हय?"

श्रीरंगरावांवर मात्र असा प्रसंग कधी आला नाही. त्यांना निवडावंच लागत नसे. ते समोर उभे राहिले की मावशी गोणपाटावरच्या मालाला हातही लावायची नाही. मागे वळायची, पाठीमागच्या वेगळ्या टोपलीतून एक गड्डा काढायची, रावांच्या पिशवीत टाकायची आणि वर कढीपत्त्याच्या दोन काड्या ठेवायची. फुकट. मग भोवतालच्या सशा-हरणांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "घरचं गिऱ्हाईक हाय."

त्या दोन काड्या पिशवीबाहेर दिसतील अशा बेताने धरून राव घरी जायचे. वाटेत कुणी भेटलं तर पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. उगाच.

घरी त्यांच्या पत्नी, कुमुदताई, तो गड्डा चिरायला घ्यायच्या. अर्धा गड्डा पातेल्यात जायचा आणि मऊ पडलेला, काळपट अर्धा उकिरड्यावर. कुमुदताई विळी जरा जोरात आपटायच्या. "यंदा हवाच वाईट आहे," राव म्हणायचे. हवा पाच वर्षं वाईट होती.

अशात ओढ्यापलीकडे एका मोराने दुकान काढलं. तिथे प्रत्येक गड्डा धुतलेला, पळसाच्या पानात गुंडाळलेला, आणि त्यावर मोरपिसाचा एक तुरा खोचलेला. मोर कुणाचं नाव विचारत नसे. येणाऱ्या प्रत्येकाला तो सारखाच वाकून नमस्कार करी, मग तो हत्ती असो की उंदीर. श्रीरंगरावांना हे अजिबात आवडलं नव्हतं. सगळ्यांना सारखा नमस्कार, मग त्याला नमस्कार कशाला म्हणायचं, असं त्यांचं मत होतं.

एक दिवस कुमुदताईंचे भाऊ आणि भावजय जेवायला यायचे ठरले. कुमुदताईंनी रावांच्या हातात पिशवी दिली आणि शांतपणे सांगितलं, "सुरण मोराकडून आणा. वहिनीसमोर मला निम्मा गड्डा फेकायचा नाहीये."

राव हादरले. त्यांनी हवेचा विषय काढून बघितला. कुमुदताईंनी विळीकडे बघितलं. राव निघाले.

मोराकडे जाताना काही अडचण आली नाही. पिशवी रिकामी होती, मावशीची पाठ होती. खरी पंचाईत येताना झाली. पिशवीत पळसाचं पान होतं, वर तुरा डुलत होता, आणि घराकडे जाणारी एकुलती एक धड वाट भागामावशीच्या करंजाखालून जात होती.

मुलांनो, तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? एका दिवशी दुसरीकडून भाजी घेतली तर आभाळ कोसळतं का? तुम्ही लहान आहात. नेहमीच्या भाजीवालीसमोरून दुसऱ्याची पिशवी घेऊन जायला जी छाती लागते, ती वाघाकडेही नसते. वाघ भाजी घेत नाही म्हणून त्याचं झाकून राहिलंय, इतकंच.

रावांनी पिशवी पोटाशी धरली. पण साळिंदर घाबरलं की त्याचे काटे खुळखुळ वाजतात, ही देवाने त्याच्यावर केलेली थट्टा आहे. पाच पावलं टाकली आणि राव असे वाजायला लागले की झाडावरची खारसुद्धा वाकून बघू लागली. ते मागे फिरले आणि दलदलीच्या वाटेने निघाले.

दलदलीतून घर चौपट लांब. निम्म्या वाटेत रावांना भूक लागली. तिथे एका पाणकोंबड्याची भज्यांची गाडी होती. त्याने रावांना ओळखलं नाही. "थांबावं लागेल, घाणा काढतोय," एवढंच म्हणाला. राव थांबले. त्यांना हा अपमान वाटला. मग भजी आली, ती कढईतून थेट बशीत, आणि रावांची जीभ पोळली. भज्यांना असा चटका असतो हे ते विसरूनच गेले होते. "फारच गरम देतो हा," असं मनाशी म्हणत त्यांनी तीन बश्या खाल्ल्या.

आता पोट भरलेलं. आणि दलदलीची वाट जिथे घराच्या वाटेला मिळते, तिथेच केरबाचं हॉटेल. केरबाने पाहिलं असतं तर नेहमीचं समोर आलंच असतं. खाल्लं तर पोट फुटणार, नाही खाल्लं तर केरबा विचारणार, कुठं खाऊन आलात? राव वारुळाआड दडले, पिशवी दातात धरली आणि हॉटेलच्या मागच्या काटेरी झुडपातून सरपटत गेले. काट्यांत काटे अडकले. घरी पोचले तेव्हा मेहुणे पिठलं-भाकरी खाऊन सुपारी कातरत होते.

सुरण दुसऱ्या दिवशी झाला. कुमुदताईंनी गड्डा चिरला आणि पहिल्यांदाच उकिरड्यावर काही गेलं नाही. त्यांनी विळी अलगद मिटली. मग म्हणाल्या, "आता तिथूनच आणायचं."

झालं. राव रोज दलदलीतून जायला लागले. पायांना चिखल्या झाल्या. अंगावरचे पंधरा-वीस काटे झुडपात राहिले. त्यांना सगळ्यात जास्त टोचायचं ते मनात. आपण दिसत नाही म्हणून मावशी रोज वाटेकडे डोळे लावून बसत असेल, असं त्यांना वाटे. मागच्या टोपलीतला गड्डा तसाच पडून असेल. कढीपत्ता सुकला असेल. या विचाराने त्यांना घास गोड लागेना. सुरण तेवढा गोड लागायचा, त्याची त्यांना जास्तच लाज वाटायची.

आठ दिवस झाले. नवव्या दिवशी सकाळी दारात भागामावशी उभी.

"आजारी हाय म्हनं तुमी," ती म्हणाली. कुणीतरी रावांना झुडपातून सरपटताना पाहिलं होतं आणि साळिंदर शेवटच्या घटका मोजतंय अशी बातमी केली होती. मावशीने टोपलीतून एक गड्डा आणला होता. वर कढीपत्त्याच्या दोन काड्या होत्या.

राव वाजायला लागले. कारण कोनाड्यात नऊ मोरतुरे ओळीने खोचलेले होते. कुमुदताईंना ते शोभेला बरे वाटले होते. मावशीची नजर कोनाड्यावर गेली, तिथे थांबली, आणि परत रावांवर आली.

आता या जागी मला रावांची खरंच दया येते. त्यांनी सगळं सांगून टाकलं. मेहुणे, दलदल, पाणकोंबडा, वारूळ. सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तुमचा विश्वासघात केला, आता मला तोंड दाखवायला जागा नाही, असं म्हणून ते खाली बसले.

 मावशीने विचारलं, "मोराकडचा सुरण? अवो, त्यो माजाच की. पाटंचं येतो आन् निवडून घिऊन जातो. निस्तं धुतो, पान गुंडाळतो, पीस खोचतो."

 मग आतून कुमुदताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात विळी नव्हती, पण आवाजात होती. "मावशी," त्या म्हणाल्या, "मग आम्हाला पाच वर्षं तो सुरण का मिळाला नाही?"

मावशीला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. तिने दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"त्यो परका हाय, बाई," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "एक डाग दिसला तर सगळा माल माघारी लावतो. ससं, हरनं, त्येबी परकी. दाबून बगत्यात, कटकट करत्यात. त्यास्नी चांगला द्यावा लागतो. ऱ्हायलेला कुनाला द्यायचा मग? आपल्या मानसालाच की. माज्या घरी पोरं त्योच खात्यात, मी त्योच खाते. तुमाला कंदी परकं धरलं न्हाई मी."

हे बोलताना तिचा आवाज खरोखर मऊ झाला होता. त्यात लबाडी नव्हती. करपलेली भाकरी घरच्याने खायची आणि फुगलेली पाहुण्याला वाढायची, हे तर कुमुदताईही रोज करत होत्या. 

रावांनी बारीक आवाजात विचारलं, "आणि वरचा कढीपत्ता?"

"डाग झाकाया," मावशी म्हणाली. "चार लोकांत तुमाला बरं दिसावं म्हनून."

गड्डा उंबऱ्यावर ठेवून ती निघून गेली. जाताना लवकर बरे व्हा म्हणाली.

राव दिवसभर बिळात पडून होते. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन धड वाटेने निघाले. आज सोक्षमोक्ष लावायचा, असं त्यांनी कुमुदताईंना सांगितलं होतं. समोरच्या गोणपाटावरचा गड्डा मागायचा. स्वतः दाबून घ्यायचा. एकच वाक्य होतं, आणि ते त्यांनी वाटेत चाळीस वेळा घोकलं.

आधी केरबाचं हॉटेल लागलं. "रावांचं नेहमीचं," केरबा ओरडला. राव टेकायच्या आत बशी आली. आज त्यांनी पहिल्यांदाच बशी कुठून येते ते बघितलं. ती कढईतून येत नव्हती. कढईतली भजी थांबलेल्या हरणांसाठी होती. रावांची बशी कोपऱ्यातल्या परातीतून आली होती, आणि परातीतली भजी सकाळची होती.

"कशी हाईत?" केरबाने प्रेमाने विचारलं.

"झकास," राव म्हणाले. आणि त्यांनी ती थंड, चिवट भजी संपवली. हरणं वळून बघत होती.

मग करंज आला. मावशीसमोर एक ससा गोणपाटावरचे गड्डे एकेक दाबत होता आणि शिव्या खात होता. शेवटी एक सुरेख, घट्ट गड्डा घेऊन तो फणकाऱ्याने निघून गेला. मग मावशीने रावांना पाहिलं. तिचा चेहरा उजळला. "आलं बगा," ती इतरांना म्हणाली, "घरचं गिऱ्हाईक. मरता मरता वाचलंय." सगळ्यांनी वळून रावांकडे बघितलं. एका म्हाताऱ्या भेकराने त्यांना पुढे जायला वाट करून दिली.

मावशी मागच्या टोपलीकडे वळली.

घोकलेलं वाक्य रावांच्या ओठांपर्यंत आलं. "मावशी," ते म्हणाले, "आज जरा..."

गड्डा हातात धरून मावशी थांबली. गिऱ्हाइकंही थांबली. गड्ड्याची एक बाजू काळी होती आणि ती सगळ्यांना दिसत होती.

"काय वो?" मावशीने विचारलं.

"आज जरा," राव म्हणाले, "काड्या चार घाला."

मावशीने मूठभर घातल्या. राव धड वाटेने, चिखल न लागता, पिशवी या हातातून त्या हातात घेत घरी गेले. कुमुदताईंनी पिशवी उघडली.  अर्धा गड्डा त्यांनी उकिरड्यावर टाकला आणि कढीपत्ता फोडणीसाठी धुऊन ठेवला.

तात्पर्य: ज्याला चांगला सुरण खायचा असेल, त्याने जन्मभर परकं राहावं, दाबून बघावं आणि शिव्या खाव्यात. ज्याला आपलं म्हणवून घ्यायची हौस असेल, त्याने डागाबद्दल बोलू नये. ज्याला दोन्ही हवं असेल, त्याने दलदलीची वाट पाठ करावी. यातलं नेमकं काय करावं, हे मात्र गोष्ट सांगणाऱ्याला विचारू नका, मुलांनो. त्याच्या घरी सध्या कढीपत्ता फार झाला आहे.